पेशीपटलाच्या दोन बाजू

पेशीपटल म्हणजे मेद आणि प्रथिने यांचा ५ ते ८ नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा. तो प्रत्येक सजीव पेशीला असतो. वनस्पती, बुरशी आणि बहुतेक जीवाणू यांची पेशीभित्तिका त्याच्या बाहेर असते आणि ती निराळी. शालेय पुस्तकांत पटलाची ओळख 'निवडक्षम पारपटल' अशी होते: हवे ते आत घेणारे, नको ते रोखणारे. त्याला जोडून दारावरच्या पहारेकऱ्याचा दाखला येतो आणि धडा केंद्रकाकडे सरकतो.

ही ओळख चुकीची नाही, पण उथळ आहे. तिच्यात पटल हे वेष्टन ठरते आणि खरे काम आतल्या द्रवात चालते असे न सांगता गृहीत धरले जाते. येथे मांडायचे प्रतिपादन असे की पटलाचे मुख्य काम आपल्या दोन बाजूंमध्ये फरक निर्माण करणे, तो टिकवणे आणि त्या फरकाला राबवणे हे आहे. अडवणे ही त्याची पूर्वअट, अधिक काही नाही. घटकांची यादी पाठ असूनही रचना उमगत नाही, याचे कारण हेच. कोणता घटक या फरकाचे काय करतो हे विचारल्याखेरीज यादीला अर्थ येत नाही.

वेष्टनाचा हिशेब जुळत नाही

पहिला मुद्दा साध्या मोजमापाचा. यकृताच्या एका पेशीतील सर्व पटलांचे क्षेत्रफळ एकत्र मांडले, तर पेशीला बाहेरून वेढणाऱ्या पटलाचा वाटा जेमतेम २ टक्के भरतो. निम्म्याच्या आसपास वाटा आंतर्द्रव्यजालिकेचा असतो आणि जवळजवळ एक तृतीयांश तंतुकणिकांच्या आतल्या पटलाचा. उरलेले गॉल्जी पिंड, तंतुकणिकांची बाह्यपटले, लयकारिका, केंद्रकाचे आवरण यांत विभागलेले असते. म्हणजे ९८ टक्के पटल आतच आहे.

तंतुकणिकेचे आतले पटल तर घड्यांवर घड्या घालून कोंबलेले असते. नुसते दोन कप्पे वेगळे करायचे असते तर सपाट पिशवी पुरली असती. जेथे पृष्ठभागावरच काम चालते तेथेच इतका पृष्ठभाग लागतो. जनुकांची साक्षही याच बाजूने आहे. प्रथिने घडवणाऱ्या जनुकांपैकी साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश जनुके पटलात बसणाऱ्या प्रथिनांसाठी असतात, आणि आज वापरात असलेल्या औषधांपैकी निम्म्याहून अधिक औषधांचे लक्ष्य हीच प्रथिने आहेत.

मेदाचा दुपदरी थर

पटलाचा पाया फॉस्फोलिपिडांचा. या रेणूचे एक टोक फॉस्फेटमुळे पाण्यात रमणारे, आणि त्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या दोन लांब शेपट्या पाणी टाळणाऱ्या. असे रेणू पाण्यात सोडले की शेपट्या आत आणि डोकी बाहेर अशी दोन पदरांची मांडणी आपोआप होते. त्यासाठी विकर लागत नाही, साचा लागत नाही, ऊर्जाही खर्चावी लागत नाही. थराची कड उघडी राहिली तर शेपट्या पाण्याला भिडतात, म्हणून थर स्वतःच मिटून पोकळ गोळा बनतो. टोचले तर भोक बुजते. अ‍ॅलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकात केंब्रिजजवळ हे गोळे तपासले. आज औषधे वाहून नेणारे लायपोसोम ते हेच.

थर दुपदरी आहे हे कळले त्या प्रयोगाची हकिगत मोठी मासलेवाईक आहे. लायडनचे बालरोगतज्ज्ञ एव्हर्ट गॉर्टर आणि त्यांचे सहकारी ग्रेन्डेल यांनी १९२५ मध्ये तांबड्या रक्तपेशी निवडल्या, कारण सस्तन प्राण्यांच्या या पेशींना आत कोणतेही पटल नसते, जे काही असते ते बाहेरचे. त्यांनी अ‍ॅसिटोनने मेद काढला, पाण्यावर एक रेणू जाडीचा थर होईल असा पसरला आणि क्षेत्रफळ मोजले. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरले. निष्कर्ष बरोबर निघाला, पण हिशेबात दोन चुका होत्या. अ‍ॅसिटोनने सगळा मेद निघत नाही, आणि पेशीचा पृष्ठभागही त्यांनी कमी धरला होता. दोन्ही चुकांनी एकमेकींना झाकले. चुकीच्या आकड्यांतून बरोबर उत्तर निघाल्याचे इतके नेटके उदाहरण जीवशास्त्रात क्वचितच सापडेल.

थराचा सुमारे ३ नॅनोमीटरचा गाभा तेलकट असतो, आणि त्यातून काय जाईल हे तो तेलकटपणाच ठरवतो. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, अल्कोहोल, भुलीची औषधे सहज पार होतात. पाणी सावकाश झिरपते. सोडियमसारख्या भारित आयनाला आपल्याभोवतीचे पाणी टाकून तेलात शिरावे लागते आणि त्याला त्याची फार मोठी किंमत पडते. त्यामुळे त्याचा वेग पाण्याच्या तुलनेत अब्जपटीने कमी असतो. येथे 'निवडक्षम' या विशेषणातला गोंधळ उघड होतो. मेदाचा थर काहीही निवडत नाही. ऑक्सिजन पेशीला हवा म्हणून तो आत सोडत नाही, आणि भुलीचे औषध नको म्हणून अडवतही नाही. विद्राव्यता आणि निवड या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि निवड करणारा घटक दुसराच आहे.

फरक आणि त्याचा खर्च

प्राण्यांच्या पेशीबाहेर सोडियम लिटरला सुमारे १४५ मिलिमोल असतो, आत १० च्या आसपास. पोटॅशियमचे नेमके उलटे: आत १४०, बाहेर ५. मुक्त कॅल्शियम बाहेर आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट. ही विषमता आपोआप टिकत नाही. आयन किती का सावकाश होईना, गळतातच, शिवाय पेशी स्वतः मार्ग उघडून ते आत येऊ देते. येन्स स्कॉउ यांनी १९५७ मध्ये शोधलेला सोडियम-पोटॅशियम पंप एटीपीचा एक रेणू खर्चून ३ सोडियम बाहेर आणि २ पोटॅशियम आत नेतो. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या एकूण ऊर्जाखर्चाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा या एकाच कामावर जातो. मेंदूत हे प्रमाण आणखी मोठे. नुसत्या कुंपणासाठी कोणताही जीव इतका खर्च करणार नाही.

या विषमतेतून चेतापेशीच्या पटलावर सुमारे ७० मिलिव्होल्टचे विभवांतर तयार होते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण तो ५ नॅनोमीटरवर पडलेला असतो. मीटरच्या हिशेबात मांडला तर सुमारे १.४ कोटी व्होल्ट. हवेत दर मीटरला ३० लाख व्होल्टच्या आसपास ठिणगी पडते. म्हणजे पटल सतत कमालीच्या विद्युत ताणाखाली असते आणि त्यात बसलेली प्रथिने तो ताण ओळखून आकार बदलतात. चेतासंदेश म्हणतात तो हाच.

प्रथिने: फरक घडवणारी आणि वापरणारी

वजनाने पाहता प्राणिपेशीच्या बाह्यपटलात साधारण निम्मा भाग प्रथिनांचा असतो. तंतुकणिकेच्या आतल्या पटलात तो तीन चतुर्थांशांपर्यंत जातो, तर चेतातंतूभोवतीच्या मायलिनमध्ये पाव किंवा त्याहून कमी. कोणते पटल किती राबते याचा यापेक्षा सरळ निर्देशांक मिळणार नाही.

काही प्रथिने पटल आरपार भेदून बसतात, काही एका पदराला चिकटतात, काही मेदाच्या शेपटीने अडकवलेली असतात. हे वर्गीकरण परीक्षेत हमखास येते, पण महत्त्वाचे आहे ते त्यांचे वर्तन. पोटॅशियमचा मार्ग पाहावा. सोडियम आयन पोटॅशियमपेक्षा लहान, तरी या मार्गातून पोटॅशियम जातो आणि सोडियम हजारात एकदाही जात नाही. नुसत्या चाळणीने मोठे सोडून लहान अडवणे शक्य नाही. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये या प्रथिनाची रचना उलगडली तेव्हा उत्तर मिळाले. मार्गाच्या अरुंद भागात ऑक्सिजन अणूंची कडी नेमक्या अंतरावर बसवलेली आहेत. पोटॅशियमभोवतीचे पाणी सुटले की ते अणू हुबेहूब त्या पाण्याची जागा घेतात. सोडियम लहान असल्याने सगळ्या अणूंपर्यंत पोचत नाही, आणि पाणी सोडणे त्याला परवडत नाही. एवढी काटेकोर पारख करूनही सेकंदाला सुमारे १० कोटी आयन पार होतात.

पीटर अ‍ॅग्रे यांनी शोधलेल्या जलमार्गाचे, म्हणजे अ‍ॅक्वापोरिनचे, वैशिष्ट्य याहून सूचक आहे. त्यातून पाण्याचे रेणू एकामागोमाग एक धावतात, पण पाण्याच्या रेणूंवरून एरवी सहज उड्या मारणारा प्रोटॉन मात्र पार होत नाही. पाणी सोडताना प्रोटॉनही गळला असता तर पटलाच्या दोन बाजूंमधला प्रोटॉनचा फरक बुडाला असता, आणि त्या फरकावर बरेच काही अवलंबून आहे.

किती, ते पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये सांगितले, आणि बहुतेकांनी ते बरीच वर्षे मानले नाही. अन्नाच्या ज्वलनातून एटीपी तयार होताना मधला दुवा कोणते रसायन आहे, याचा शोध तेव्हा जोरात चालू होता. असे रसायन नाहीच, मधला दुवा म्हणजे पटलाच्या दोन बाजूंमधला प्रोटॉनचा फरक, असे मिचेल यांचे म्हणणे. ते अखेर मान्य होऊन १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. प्रोटॉन एका बाजूला ढकलले जातात, ते परतताना एटीपी सिंथेज या प्रथिनाचा पटलात बसलेला भाग अक्षरशः फिरवतात, आणि एका फेऱ्यात एटीपीचे तीन रेणू जुळतात. जीवाणूंच्या कशाभिका याच ओघावर फिरतात. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरचे बेडाक्विलिन क्षयाच्या जीवाणूचे हेच फिरते यंत्र जाम करते.

मीठ-साखरेचे पाणी

फरक राबवणे म्हणजे काय, याचा सर्वांत परिचित पुरावा जलसंजीवनीत आहे. पटकीच्या विषाने आतड्याच्या पेशी क्लोराइड बाहेर फेकू लागतात आणि त्यामागून पाणी वाहते. अशा रुग्णाला नुसते पाणी पाजले तर ते टिकत नाही, नुसते मिठाचे पाणीही पुरेसे शोषले जात नाही. साखर घातली की चित्र बदलते. आतड्याच्या पोकळीकडील पटलात एक वाहक प्रथिन आहे. ते ग्लुकोजचा एक रेणू दोन सोडियम आयनांबरोबरच आत घेते. ग्लुकोज आत ओढण्याचे बळ सोडियमच्या उतारातून येते. तो उतार टिकवणारा पंप त्याच पेशीच्या दुसऱ्या, रक्ताकडील पटलात बसलेला असतो. सोडियम आणि ग्लुकोज आत गेले की पाणी मागोमाग जाते. पटकीचे विष या वाहकाला धक्का लावत नाही.

१९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे मिश्रण पिंपातून सरसकट पाजायला सुरुवात केली आणि तेथील मृत्यूंचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजच्या सूत्रात सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरला ७५ मिलिमोल आहेत. जास्त साखर घालून फायदा होत नाही, उलट परासरणाने पाणी आतड्यातच ओढले जाते. पहारेकऱ्याच्या दाखल्यातून यातले काहीच समजावता येत नाही. साखर मिठाला आत का नेते, हा प्रश्नच त्यात उद्भवत नाही.

तरलता कोण सांभाळते

थंडीत तूप गोठते आणि करडईचे तेल पातळ राहते. त्याचे कारण पटलालाही तसेच लागू पडते. संपृक्त मेदाम्लांच्या सरळ शेपट्या एकमेकींना घट्ट बिलगतात, तर असंपृक्त शेपटीत दुहेरी बंधाशी बाक येतो आणि ती मोकळी राहते. पटलातली प्रथिने फिरायची, वाकायची, एकत्र यायची तर मेद पातळ हवा, आणि फरक टिकायचा तर तो गळता नको. पेशी हे प्रमाण सतत राखतात. थंडीत वाढवलेले ई. कोलाय जीवाणू असंपृक्त मेदाम्लांचा वाटा वाढवतात. रेनडियरच्या पायात खुरांकडे जावे तसा हा वाटा वाढत जातो.

प्राण्यांच्या पेशीत कोलेस्टेरॉल याच कामावर असते. बाह्यपटलात ते जवळजवळ दर फॉस्फोलिपिडामागे एक इतके असू शकते. त्याच्या ताठ कड्या शेजारच्या शेपट्यांची हालचाल आवरतात आणि थर कमी गळका होतो, पण थंडीत त्याच कड्या शेपट्यांना घट्ट रचू देत नाहीत. रक्ततपासणीच्या अहवालामुळे बदनाम झालेल्या या रेणूशिवाय प्राणिपेशीचे बाह्यपटल चालत नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे. बुरशीत त्याच जागी अर्गोस्टेरॉल असते. एवढ्याशा भेदावर अँफोटेरिसिन-बी हे औषध उभे आहे. ते अर्गोस्टेरॉलला अधिक घट्ट पकडते. २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसच्या रुग्णांसाठी ज्या इंजेक्शनची धावाधाव झाली ते हेच, आणि त्याचा लायपोसोमल प्रकार मेदाच्याच गोळ्यांत भरलेला असतो.

दोन पदर एकसारखे नसतात

पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत वरचा आणि खालचा पदर एकमेकांचे प्रतिबिंब असल्यासारखे काढतात. प्रत्यक्षात त्यांची घडण निराळी असते. मेदाचा रेणू आपल्या पदरात शेजाऱ्याशी सेकंदाला सुमारे एक कोटी वेळा जागा बदलतो, पण एका पदरातून दुसऱ्यात उलटायला त्याला तास किंवा दिवस लागतात. त्यामुळे पदरांमधला फरक टिकतो, आणि तो मुद्दाम राखण्यासाठी एटीपी खर्चणारी प्रथिनेही असतात. फॉस्फटिडिलसेरिन हा ऋणभारित मेद जिवंत पेशीत आतल्या पदरातच ठेवला जातो. तो बाहेर दिसला की भक्षक पेशी ती पेशी गिळतात. रक्तबिंबिकेवर तो बाहेर आला की रक्त गोठण्याची साखळी तेथे बसते. रेणू तोच, फक्त बाजू बदललेली.

शर्करांची गोष्ट आणखी एकतर्फी आहे. बाह्यपटलातल्या मेदांना आणि प्रथिनांना जोडलेल्या शर्करासाखळ्या बाहेरच्या बाजूलाच असतात. त्या आंतर्द्रव्यजालिकेच्या आणि गॉल्जी पिंडाच्या पोकळीत जोडल्या जातात, आणि पुटिका बाह्यपटलात मिसळताना पोकळीची बाजू बाहेरची होते. रक्तगट म्हणजे याच साखळ्यांची टोके. 'एच' नावाच्या साखळीला एक शर्करा जोडली की ए गट, दुसरी जोडली की बी, काहीच न जोडता ती तशीच राहिली की ओ.

१९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ज्यांच्या रक्तपेशींवर एच सुद्धा नाही अशा व्यक्ती नोंदवल्या. हाच 'बॉम्बे' रक्तगट, भारतात साधारण दहा हजारांत एकाचा. अशा व्यक्तींत एच पुरी करणारी फ्युकोज ही एकच शर्करा जोडली जात नाही. ए किंवा बी जोडणारे विकर त्यांच्यात शाबूत असू शकते, पण ते ज्यावर जोडायचे ती साखळीच अपुरी. नेहमीच्या तपासणीत त्यांचा गट ओ दिसतो, तरी ओ रक्त दिले तर ते जीवघेणे ठरते, कारण ओ पेशींवर एच भरपूर असते आणि त्यांच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिपिंडे असतात. पटलाच्या बाहेरच्या अंगावरची एक शर्करा एवढा फरक करते.

'द्रव-मोझेक' पुरेसे आहे का

सिंगर आणि निकल्सन यांनी १९७२ मध्ये मांडलेले द्रव-मोझेक प्रतिमान आजही पायाभूत आहे. त्याआधी प्रथिने मेदाच्या दोन्ही अंगांना लेपासारखी पसरलेली असतात असे मानत. फ्राय आणि एडिडिन यांनी १९७० मध्ये माणसाची आणि उंदराची पेशी एकमेकींत मिसळली तेव्हा ४० मिनिटांत दोघींची पटल-प्रथिने सरमिसळ झाली, आणि पटल द्रवरूप आहे हे दिसले. मात्र मेदाच्या ऐसपैस पसरटीत तुरळक प्रथिने तरंगताहेत हे त्यातून रूढ झालेले चित्र दिशाभूल करते. प्रथिनांची गर्दी दाट असते, आतल्या सांगाड्याच्या जाळ्यामुळे त्यांचा वावर छोट्या कप्प्यांत अडतो, आणि तांबड्या पेशीला केशवाहिनीतून वाकून जाता येते तेही स्पेक्ट्रिनच्या अशाच जाळ्यामुळे. कोलेस्टेरॉलयुक्त 'तराफे' पटलावर असतात ही १९९७ पासूनची कल्पना अजून वादात आहे. असो.

आक्षेप

पहिला आक्षेप असा की अडथळा नसेल तर फरक टिकेल कसा? म्हणजे अडवणेच मूळ काम. अडवणे आवश्यक आहे, हे मान्य. पण ते पुरेसे आहे का, याची परीक्षा डायनायट्रोफिनॉलने घडवली आहे. हा छोटा रेणू प्रोटॉन उचलून मेदाच्या थरातून पलीकडे नेतो आणि परत येतो. पटल फाटत नाही, प्रथिने बिघडत नाहीत, पेशीतले काही सांडत नाही. फक्त प्रोटॉनचा फरक विरतो, अन्नाची ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. १९३०च्या दशकात अमेरिकेत वजन उतरवण्यासाठी हे रसायन सर्रास विकले गेले. शरीर तापून माणसे मेली आणि १९३८ मध्ये त्यावर बंदी आली. कुंपण जागच्या जागी होते.

दुसरा आक्षेप मायलिनचा. तेथे पटल खरोखरच निव्वळ आच्छादन आहे, प्रथिने थोडी, पंप जवळपास नाहीत. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागतो. पण मायलिन सलग नसते. मधल्या उघड्या गाठींवर सोडियमचे मार्ग दाटीने बसलेले असतात आणि संदेश गाठीवरून गाठीवर उडी घेतो. आच्छादनाचा उपयोग गाठींवर राबणाऱ्या फरकासाठीच आहे. मायलिन झिजले की संदेश अडखळतो, ते याचमुळे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. जीवसृष्टीच्या आरंभी साध्या मेदाम्लांचे गोळे असणार, त्यांत पंप कुठले? तेव्हा पटल आधी पिशवी होते, बाकी सारे नंतरचे. आदिम गोळे तसे असू शकतात. पण आजच्या सजीवांची तुलना केली तर क्रम इतका सरळ दिसत नाही. जीवाणूंच्या आणि आपल्या पटलात मेदाम्ले एस्टर बंधाने जोडलेली असतात. आर्किया या दुसऱ्या शाखेत मेदाम्लांऐवजी आयसोप्रिनॉइड साखळ्या, बंध ईथरचे, आणि ग्लिसरॉल-फॉस्फेटचा कणा आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा. दोन्ही शाखांत पिशवीचे कापड वेगळे आहे, तरी प्रोटॉनच्या किंवा सोडियमच्या ओघावर फिरणारे एटीपी सिंथेज मात्र दोन्हींत एकाच कुळाचे. यावरून काही संशोधक असे अनुमान काढतात की फरक राबवणारे यंत्र आजच्या मेदरचनेहून जुने असावे आणि आधीच्या गळक्या पटलांवर ते निसर्गतः उपलब्ध असलेल्या प्रोटॉन-उतारावर चालत असावे.

दोन प्रकारचे मेद एकत्र नांदू शकत नाहीत म्हणून शाखा फुटल्या, असेही एक मत होते. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ई. कोलायच्या पटलात आर्कियाचे मेद सुमारे ३० टक्क्यांपर्यंत घडवून आणले, आणि ते जीवाणू वाढत राहिले. त्यामुळे फाटाफुटीचे ते कारण आता लंगडे पडले आहे. दुसरे सर्वमान्य कारण अजून पुढे आलेले नाही.